ताराच्या नावाची कळी

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो जायच्या आधी तीन दिवस त्याच्या उशाशी बसून होते, तेव्हाही नाही. लेकीला नाही. देवाला सांगायचा प्रश्नच नव्हता, तो समोरच होता, त्याच्याच अंगावर केलं मी ते. आता तुम्हाला सांगते. तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, म्हणूनच जीभ थोडी वळते आहे. बसा जरा. मला सरळ बोलता येत नाही, आमच्या घाटातल्या एसटीसारखी मी वळसे घेत जाते — पण पोचते.

मी गुरवीण. आमचं गाव डिंभ्याच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. गावाचं नाव लिहीत नाही, गावानं काय केलंय? भैरवनाथाचं देऊळ आहे आणि त्याची पूजा पिढ्यान् पिढ्या आमच्या घरात. नवऱ्याचे हात थरथरायला लागले तशी ती माझ्याकडं आली. आधी लोक कुरकुरले — बाईमाणूस गाभाऱ्यात? मग सवय झाली. माणसाला कशाचीही सवय होते, हे मी नंतर लई चांगलं शिकले.

शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. बाकीचं वाचायला शिकले ते पेठेतून फुलं ज्या पेपरात बांधून येतात त्या पेपरांवर. अर्धी बातमी वाचायची, उरलेली अर्धी ओली होऊन फाटलेली असायची. त्यामुळं जगातल्या सगळ्या गोष्टी मला अर्ध्याच माहीत आहेत. ही एक तेवढी पुरी माहीत आहे.

लिहिते आहे ते देवळाच्या पावतीपुस्तकांच्या पाठीवर. कोरी पुस्तकं गठ्ठ्यानं पडून आहेत. पूर्वी यात्रेच्या आधी एक पुस्तक पुरायचं नाही. कुणी पायलीभर भात द्यायचं, कुणी नाचणी. कुणी म्हणायचं, माझ्याकडं काय न्हाई, मी मांडवाचं खांब रोवतो — त्याचीही पावती फाडायचो आम्ही, त्यावर नुसतं 'खांब' असं लिहून. आणि ज्यानं खांब रोवला तोही मग मान वर करून भांडायचा. तमाशा आणायचा का भजन, जेवणात लापशी का बुंदी, पालखी कुठल्या आळीनं आधी. भांडायचा हक्क होता त्याला. आता एकच माणूस सगळं देतो. पावती फाडायची वेळच येत नाही. भांडतही कुणी नाही.

भांडणावरनं तारा आठवली. खोटं कशाला बोलू — तारापाशीच यायचं होतं, पाय मागं ओढत होते.

तारा माझ्याच वयाची. आम्ही दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नांदायला आलो. तिचा आवाज असा, की खाचरात उभी राहून हाक मारली तर धरणापलीकडचा माणूस 'ओ' देईल. बायकांच्या बचत गटात तीच बोलणार, ग्रामसभेत तीच उठणार. रेशनच्या दुकानदाराला एकदा म्हणाली होती, "भाऊ, तुमचा काटा आन् तुमी, दोघंबी येकाच बाजूला कलता." सगळं दुकान हसलं. मीही हसले. माझ्या हसण्यात थोडं काहीतरी आंबट होतं — ते मी तेव्हा ओळखलं नाही. का ओळखलं होतं?

गावावरच्या टेकाडावर खडीचं क्रशर आलं. सुरुंग लागला की मांडणीवरची भांडी खाली. नाचणीच्या पानावर पांढरी भुकटी, इतकी की जनावरं तोंड फिरवायची. ताराच्या वावरात एक झरा होता, उन्हाळ्यात आख्खी आळी तिथनं पाणी न्यायची. एका सुरुंगानंतर तो बंदच झाला. जसं कुणी हातानं तोंड दाबावं तसा. तारानं अर्ज दिले, घोडेगावला तहसीलात खेटे घातले, कुणी दाद दिली नाही. त्याच साली सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. बायका म्हणाल्या, तारा, तू उभी राहा.

तिच्या प्रचाराला प्रचार म्हणावं का? संध्याकाळी घराघरातनं मूठमूठ तांदूळ गोळा करायचे, कुणाच्या तरी पडवीत खिचडी शिजवायची, आणि खाता खाता बोलायचं — झऱ्याचं, भुकटीचं, मोडलेल्या रस्त्याचं. मीही मूठ दिली होती. हे ध्यानात ठेवा. याच हातानं दिली होती.

दुसऱ्या बाजूला सुनंदा. गरीब स्वभावाची, मान खाली घालून चालणारी. तिच्या दिराचे टिपर क्रशरवर चालायचे, म्हणून शेठनं तिला उभी केली. शेठ म्हणजे क्रशरचा मालक. सुनंदाला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, तिचा मी दोष काढणार नाही. तिच्या प्रचाराला मात्र काय कमी! फलक लागले, पोरांच्या क्रिकेटला ढाल आली, बायकांना दोन गाड्या करून ओझरच्या विघ्नहराला नेलं. मी गेले होते. ताराही आली होती! "देव काय शेठचा न्हाई," म्हणाली, आणि खिडकीपाशी बसून सगळ्या वाटेत गाणी म्हणत आली. परत येताना प्रत्येकीच्या मांडीवर एक कुकर. तारानं उतरताना आपला कुकर क्लीनरच्या सीटवर ठेवला. "घरी चूल हाय, आन् तोंडात दातबी हायेत," म्हणाली. माझ्या मांडीवरचा मी घट्ट धरून होते.

पण बायका एकमेकींना डोळ्यांनी सांगत होत्या — कुकर घ्यायचा, शिक्का ताराला. शेठला ते कळलं असणार. पैसेवाल्याला असं लवकर कळतं. त्यानं मग माणसांना द्यायचं सोडलं आणि देवाला द्यायचं काढलं.

चावडीवर बैठक झाली. शेठ स्वतः आला, खुर्चीवर न बसता सतरंजीवर बसला. म्हणाला, निवडणुकीनं गावात दुफळी होते, भाऊ भावाशी बोलत नाही. बिनविरोध करा, मी भैरवनाथाला दगडी सभामंडप बांधून देतो, खाली संगमरवरी फरशी. आमच्या देवळापुढं तेव्हा नुसते पत्रे होते, पावसाळ्यात देवाच्या दारात बादली ठेवावी लागायची. गावातले वडीलधारे नाना घसा खाकरून म्हणाले, दोघींतली एक मागं घ्या मग. आणि सगळ्या माना ताराकडं वळल्या. सुनंदाकडं एकही नाही.

तारा उठली. आता ही काय बोलते, म्हणून मी पदर तोंडाला लावला. ती म्हणाली, "मंडप देवाचा ना? मंग देवालाच इचारू. कौल लावा. सुनंदाची कळी पडली तर मी घरी बसते, माझी पडली तर ती बसंल. तुमा सगळ्यांना कुनी कायबाय दिलं आसंल राव. देवाला कोन काय देनार?"

हशा झाला. नानासुद्धा हसले. मग तारानं माझ्याकडं बघितलं, आणि तशीच हसत म्हणाली, "आन् कळी तर आमची गुरवीनच लावनार."

कौल म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. देवाला आंघोळ घालायची. दोन्ही खांदे एकाच फडक्यानं पुसायचे. पांढऱ्या कण्हेरीच्या दोन कळ्या एकाच तांब्यात भिजवायच्या, एक उजव्या खांद्यावर लावायची, एक डाव्या, अंगठ्यानं सारख्याच दाबायच्या. प्रश्न असेल तर उजवी पडली म्हणजे हो, डावी पडली म्हणजे नको. दोन नावं असतील तर एक नाव उजवीचं, एक डावीचं. जी आधी खाली येईल ती देवानं निवडली. आमच्याकडं यावरनं सोयरिकी ठरतात, विहिरीची जागा ठरते. सासऱ्यांनी मला शिकवलं तेव्हा एकच सांगितलं होतं — हात देवाचा समजायचा, आपला न्हाई.

कौल सोमवारी ठरला. शनिवारी दुपारी शेठ देवळात आला. एकटा. चपला लांब काढल्या, पायरीवर बसला, पाणी मागितलं. मी तांब्या दिला. त्यानं वाईट काहीच सांगितलं नाही, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. कळीचा विषय नाही, ताराचा नाही. इकडंतिकडं बघत राहिला. मग म्हणाला, "आई, मंडपाच्या नकाशात पुजाऱ्याला एक खोली धरलीय. पक्की, मोरीसकट. तिचं दार पूर्वेला काढू का पश्चिमेला?"

मी म्हणाले, "पूर्वेला."

झालं. तेवढंच. एक शब्द. दोन्ही हातांनी पाया पडला माझ्या आणि गेला.

तुम्ही म्हणाल, खोलीसाठी विकलीस मैत्रीण? मीही वर्षानुवर्षं स्वतःला हेच सांगत आले — पत्र्याखाली गळतं, नवरा खोकतो, त्याला कोरडी जागा हवी. नवऱ्याचं नाव पुढं केलं की आपलं पाप जरा सोवळं वाटतं. पण तो तर म्हणाला होता, मला हितंच मरायचंय, मला खोली नको. मग? मग शेठची भीती म्हणाल? भीती कसली — त्यानं पाणी पिऊन तांब्या स्वतः विसळून ठेवला होता.

खरं सांगू? तो पाया पडला ना, त्या पाया पडण्यानं केलं ते. एवढा मोठा माणूस, ज्याच्यापुढं तहसीलातले लोक खुर्ची सरकवतात, तो माझ्या भेगाळल्या पायांवर डोकं ठेवून गेला. आई म्हणाला. जन्मभर मी देवाच्या बाजूला उभी राहिले आणि लोक माझ्या खांद्यावरनं देवाकडं बघत आले. गावात काही अडलं की सगळ्या धावायच्या ताराकडं. माझ्याकडं यायच्या त्या अंगारा मागायला. त्या दोन दिवसांत पहिल्यांदा मला वाटलं — आता ताराचं नशीब माझ्या अंगठ्याखाली आहे. आणि ते मला — कसं लिहू — ते मला गोड लागलं.

सोमवारी पहाटे मी देवाला आंघोळ घातली. ताराचं नाव डावीला होतं, सुनंदाचं उजवीला. उजवा खांदा मी कोरड्या फडक्यानं पुसपुसून काढला, इतका की जुना शेंदूर काचेसारखा गुळगुळीत झाला. डाव्या खांद्यावर ताजा शेंदूर तेलात घट्ट कालवून बोटभर जाड लावला. कुणाला कळणार? शेंदूर शेंदरासारखाच दिसतो.

दहा वाजता आख्खं गाव देवळापुढं. शेठ मागं, खांबाला टेकून. तारानं हिरवं लुगडं नेसलं होतं. दोघींनी देवापुढं नारळ ठेवला. मी कळ्या लावल्या. मग जे शांत झालं, तसं शांत मी परत कधी ऐकलं नाही. क्रशरसुद्धा त्या दिवशी बंद ठेवलं होतं.

सुनंदाची कळी पडली.

इथं अजून एक आहे. ते शेवटी लिहीन. आत्ता हात होत नाही.

घंटा वाजल्या, गुलाल उडाला. तारा घटकाभर देवाकडं बघत राहिली. मग तिनं ताटातलं हळदकुंकू उचललं आणि सुनंदाच्या कपाळाला लावलं, सगळ्यांच्या आधी. दुसऱ्या दिवशी घोडेगावला जाऊन स्वतःच्या सहीनं अर्ज मागं घेतला. ताराची कळी तशीच चिकटून राहिली. तिसऱ्या दिवशी ती सुकून काळी पडली तेव्हा मी नखानं खरवडून काढली. नखातला शेंदूर कितीतरी दिवस निघाला नाही. भाकरी थापताना पिठाला लालसर लागायचा.

मंडप झाला. फरशी अशी गार की उन्हाळ्यात कुत्री येऊन झोपतात. दारावरच्या पाटीवर एकच नाव. मला खोली मिळाली, पूर्वेच्या दाराची. ताराच नारळ घेऊन आली खोली बघायला, भिंतीवरनं हात फिरवून म्हणाली, "चांगलं झालं गं. लई गळायचं तुझं." सकाळचं ऊन त्या दारातनं थेट माझ्या डोळ्यांवर येतं. तुम्हाला सांगते, मागितलेलंच मिळालंय मला, नेमकं मागितलेलं.

क्रशरला दुसरी मशीन बसायची होती, त्याला ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला हवा होता. ग्रामसभेत सुनंदानं कागद वाचला, अडखळत, दिरानं लिहून दिलेला. सगळे ताराकडं बघायला लागले — आता उठेल, आता बोलेल. तारा उठली नाही. घरी जाताना मी विचारलं, बोलली का नाहीस? मीच विचारलं! म्हणाली, "ज्याला देवानं न्हाई म्हनलं, त्यानं कशाला तोंड वर करावं?"

मला वाटलं होतं ती माझ्यावर संशय घेईल. शेठवर घेईल. शिव्या देईल, भांडेल — तिचा धर्मच तो. ती रागावली ते स्वतःवर. हे मी धरलंच नव्हतं. आपलं काय चुकलं, ते शोधत बसली. लग्नाआधी आईनं बोललेला एखादा नवस राहिला का? पहिल्या बाळंतपणात विटाळात कुठं हात लागला का? जावेशी भांडताना देवाची आण खोटी घेतली होती का? एकेक आठवून काढायची, आणि एकेकाचं प्रायश्चित्त करायची. सोमवार धरले. वर्षभर चप्पल सोडली. अनवाणी चालत ओझरला जाऊन आली — आणि सोबतीला कोण? मी. दोन दिवस मी तिच्याबरोबर चालले. रस्त्यात तिच्या टाचेत काच घुसली, ती मी माझ्या मांडीवर तिचा पाय घेऊन काढली. ती म्हणत होती, "बरं झालं, तेवढंच फिटलं." आणि मी काच काढत होते. माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. पाच वर्षं निघाला नाही. सुरुंगानं झरा दाबला, तशी ही बाई मी दाबून टाकली, आणि वर तिच्या पायाला हळद लावत बसले.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला जा, ऑपरेशन करून घ्या, उशीर करू नका. मुलगा गाडी घेऊन दारात उभा. ही म्हणाली, देवाला विचारल्याशिवाय मी हलत नाही. कौल लाव.

मी टाळलं. आज अमावस्या आहे म्हणाले, आज कण्हेरीला कळी नाही म्हणाले. तिचा मुलगा माझ्या दारात येऊन रडला — मावशी, लावा ना, तुमचंच ती ऐकते. शेवटी एका दुपारी ती एकटीच आली. देवळात आम्ही दोघी. मी म्हणाले, तारा, मला तुला काही सांगायचंय. ती फरशीवर बसली होती, पोटावर हात धरून. म्हणाली, "मागनं सांग. आदी लाव. तुझ्या हातावर माझा इस्वास हाय."

मी काय करायला हवं होतं? खरा कौल लावला आणि डावी पडली, तर ती घरी बसून मरणार. खरं सांगितलं, तर देवावरचा विश्वास उडून ती कुठंच जाणार नाही असं वाटलं — का मला तसं वाटून घ्यायचं होतं? मी गाभाऱ्यात गेले. या वेळीही डाव्या खांद्याला ताजा शेंदूर. उजवा पुसून गुळगुळीत. उजवी पडली. पाडली मी.

तारा रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. "बोलला गं माझ्याशी," म्हणत होती. "परत बोलला. फिटलं माझं." माझ्या गळ्यात पडली. मला सांगायचं होतं ते काय, हे तिनं मग विचारलंच नाही.

पुण्याहून ती बरी होऊन आली. वाळली आहे, पण आवाज तोच. परवा एसटीतनं उतरल्या उतरल्या कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, निम्मी राहिलीय मी, निम्मंच तिकीट घ्यायचं व्हतं." मला इतकं बरं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं भ्यायला झालं.

कारण पंचायतीची निवडणूक परत आली आहे. सरपंचपद यंदाही बाईला. तारा म्हणते, देवानं माफ केलंय, आता मी उभी राहणार. सुनंदा परत आहेच. शेठला तिसरी मशीन बसवायची आहे, आणि त्यानं देवळाला शिखर देऊ केलंय, वर कळस. अट तीच, बिनविरोध. पुन्हा तीच सतरंजी, त्याच माना. आणि तारा पुन्हा उठली आणि हसत म्हणाली, कौल लावा. आता तर देव माझ्याशी बोलतो.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मान आपोआप हलते.

परवा शेठ येऊन गेला. या वेळी पायरीवर नाही, माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर बसला. पाया पडला. म्हणाला, "आई, भिंतीला ओल वगैरे येत नाही ना?" बास, इतकंच. मी म्हणाले, नाही येत.

उद्या सोमवार. उद्या कळी लावायची आहे.

सरळ लावू? मला आता सरळ लावता येत नाही. रात्रभर मी देवळीच्या दगडावर कळ्या लावून बघितल्या. कुठली राहील, कुठली पडेल, अंगठ्याला आधीच कळतं. हात देवाचा समजायचा म्हणाले होते सासरे, तो आता कुणाचा आहे? ताराच्या बाजूनं पाडू? मग सरपंच होईल तीसुद्धा माझ्या शेंदराची. आणि शेठच्या बाजूनं पाडली, तर या खेपेला ती स्वतःचं काय काय सोलून काढील? कुठल्याही वाटेनं गेले तरी शेवटी मीच उभी आहे, अंगठा पुढं करून.

म्हणून हे कागद. लिहायला बसले तेव्हा वाचणारं कुणी अनोळखी धरलं होतं, पण ते ताराचेच आहेत. आज दुपारी ताराच्या पडवीत जाऊन तिच्या हातात देणार आहे. तोंडानं सांगणार नाही. तोंडानं सांगायला गेले तर मध्येच नवरा येईल, गळकं छप्पर येईल, तिचं दुखणं येईल, आणि मी माझी कीव करून घेईन. तिला वाचायला वेळ लागतो. ती ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचते. मी समोर बसून राहीन. मला माहीत आहे, मी तिच्याकडनं फक्त मैत्रीण काढून घेत नाही. देव परत बोलला, ही एकच गोष्ट घेऊन ती मरणाच्या दारातनं परत आली आहे, तीही काढून घेते आहे. आणि वाचून झाल्यावर हे कागद चावडीवर न्यायचे का चुलीत घालायचे, ते तिचं. गाभाऱ्याची किल्ली कागदांबरोबरच ठेवते आहे.

माफ कर असं मी कुठं लिहिलेलं नाही. पुन्हा वाचून बघितलं, नाही लिहिलेलं.

आता ते शेवटचं, जे मघाशी सोडलं होतं.

तारा, तुझं बोट इथवर आलं असेल. पहिल्या कौलाला, त्या सोमवारी, मी एवढा शेंदूर थापला होता तरी तुझी कळी सरकली. सुनंदाची जागची हलली नव्हती, आणि तुझी खाली यायला लागली. मी एकटीनंच पाहिलं, मी पुढ्यात होते. निरांजन नीट करायच्या निमित्तानं मी हात पुढं केला आणि ती अंगठ्यानं परत दाबली, ती रुतेपर्यंत.

तुझी कळी पडत होती.